पुलापलीकडचा युरोप

"नदी घोड्यांना पाणी पाजायला असते पोरा, माणसं तोडायला नाही," असं वडील म्हणायचे. अतिराउ शहरात नदीचा एक काठ आशियात, दुसरा युरोपात; तिथल्या पुलाजवळ, बसच्या रांगेत बायको कालामकाससोबत उभ्या येरझिगितआजोबांना ते आज नेमकं आठवलं.

"अहो, चला, बस आली. लेकीचं घर पलीकडच्या काठावर तर आहे."

"कालामकास, तो युरोप. मी आशियाचा माणूस."

"काल मासळी आणायला युरोपात कोण गेलं होतं?"

"मासळीची गोष्ट वेगळी."

"तुमच्या नातवाच्या रशियन पुस्तकात दोन्ही मिळून खंड एकच आहे."

"आणि इंग्रजी पुस्तकात?"

"दोन."

"मग मी इंग्रजीवाला!"

"इंग्रजीत स्वतःचं नाव तरी लिहिता येतं का?"

रांग हसली. आजोबा हातातल्या काठीकडे बघत राहिले.

"सासरी निघालेल्या लेकीला मीच बजावलं होतं, पूल ओलांडलास तर माघारी येऊ नकोस. आता तिच्या दारात कुठल्या तोंडानं उभा राहू?"