धक्क्यावरचा शंख

मंडळी, मला मघापासून एक शंख ऐकू येतो आहे. घाबरू नका, आज कुणी फुंकलेला नाही. मी लहान असताना आपल्या बंदराच्या धक्क्यावर वाजला होता, तो हा. म्हातारपणी कान बाहेरचं कमी ऐकतात आणि आतलं जास्त. पण आधी रीत पाळू या.

या निरोप समारंभाचे अध्यक्ष, आपल्या विद्यार्थी जलतरण शिष्यवृत्ती मंडळाचेही अध्यक्ष, श्रीमान भिकाजीशेठ. व्यासपीठावर विराजमान झालेल्या महिला मंडळाच्या आनंदीबाई. मंडळाचे चिटणीस आणि एके काळी माझ्या कवितेच्या तासाला मागच्या बाकावर गाढ झोपणारे आमचे भाई. माझे सहकारी शिक्षक. समोर बसलेले ग्रामस्थ. आणि खिडक्यांच्या गजांना लटकलेल्या माझ्या मुलामुलींनो,

आपण मला शाल दिलीत, श्रीफळ दिलंत. मास्तर शांत आणि काव्यमय स्वभावाचे, असं शेटजी गोड शब्दांत म्हणाले. काव्याचं खरं आहे. शांतपणाचं तेवढं आज सांभाळून घ्या. कालपर्यंत मी नोकर होतो. आज शाल अंगावर पडली. आता मला मेमो कोण देणार?

तर तो शंख. देवळातला शंख वेगळा आणि धक्क्यावरचा वेगळा, हे आपल्या किनाऱ्यावरच्या तान्ह्या पोरालाही कळतं. धक्क्यावर शंख फुंकतात ते एकाच वेळी: दर्यात कुणी हरवलं की. मुलांना मंदाक्रांता वृत्त शिकवताना मी नेहमी सांगत आलो, पहिली चार अक्षरं गुरू, म्हणजे तो लांबलेला शंख; आणि पुढची पाच लघू, म्हणजे तो ऐकून किनाऱ्याकडे धावत सुटलेल्या बायकांची पावलं. माझ्या आईची पावलं मी तशी ऐकली आहेत. त्या दिवशी वडील परत आले. सगळ्यांचे येत नाहीत.

शंख वाजला की पाण्यात असेल त्याने हातातलं काम टाकायचं आणि खुल्या दर्याकडे तोंड वळवायचं. होडी असो, जाळं असो, नाहीतर नुसता पोहणारा माणूस असो. ही रीत कुणी लिहून ठेवलेली नाही. लिहून ठेवली असती तर कदाचित मंडळाच्या नियमांत आली असती.

आता यंदाच्या माघातली गोष्ट. गेल्या साली वादळात जे गलबत गेलं, त्यावरच्या खलाशांच्या घरांसाठी आपल्या मुलांनी निधी जमवला. मुलांनी घरोघर फिरून वर्गणी आणायची, किल्ल्याच्या बाजूने पोहत धक्क्याला लागायचं, आणि या दोन्हींत जो सरस ठरेल त्याला मंडळाची शिष्यवृत्ती. कल्पना सुंदर. शेटजी, मी टाळ्या वाजवणाऱ्यांतला पहिला होतो.

सर्वांत जास्त वर्गणी कुणी आणली? शेवंतीने. नर्मदाबाईंच्या शेवंतीने. ज्या गलबताबद्दल बोलतो आहे, त्यावर तिचे वडील होते. नव्या पैशांचा घोळ अजून न सुटलेल्या बायकांनी तिच्या ओच्यात आपला जुना आणा टाकला. आणि ती पोहली कशी? काष्टा मारून, सगळ्या मुलग्यांच्या पुढे. धक्का इतका जवळ आला होता की तिच्या कपाळावरचं कुंकू मला दिसत होतं.

अशा वेळी मुंबईहून मोठे पाहुणे आले. त्यांचं स्वागत कसं करायचं? शेटजींनी आमच्या शाळेचा शिपाई बाबली याच्या हातात शंख दिला.

बाबली म्हणाला, "शेटनूं, धक्क्यार नको. हंय शंख वाजलो की घराघरात रडाक लागतत."

"अरे, शंख मंगल असतो."

"मंगल देवळात. हंय नाय."

"तुका पगार कोण देता रे?" असं विचारून शेटजींनी शंख त्याच्याकडून काढून घेतला आणि स्वतः फुंकला. सभ्य स्त्रीपुरुषहो, या सभागृहाच्या तीन पायऱ्या चढून आले की ज्यांना खुर्ची लागते, त्या आमच्या अध्यक्षांच्या छातीत त्या दिवशी केवढा दम होता म्हणून सांगू! किल्ल्यावर आदळून तो आवाज परत आला.

पाण्यातली सगळी डोकी थांबली. सगळी वळली. शेवंती सर्वांत पुढे होती, म्हणून सर्वांत आधी वळली आणि आल्या वाटेने खुल्या दर्याकडे हात मारू लागली. वाडीतून बायका धावत आल्या. नर्मदाबाईंच्या हाताला तांदळाचं पीठ तसंच होतं. गलबतावर जाणारं त्यांचं कोणी आता उरलेलं नाही, तरी धावल्या. का धावल्या, हे मला विचारू नका. मला मराठी शिकवता येतं, एवढंच.

एकच मुलगा सरळ येत राहिला आणि धक्क्याला लागला. गुरुदास. शेटजींचा भाचा, दर्यापासून लांब, कट्टा गावच्या बाजारपेठेत वाढलेला, विहिरीत पोहायला शिकलेला. त्याला तो आवाज ठाऊकच नव्हता. त्याचा काय दोष?

बऱ्याच वेळाने शेवंती होडीला धरून परत आली. ओठ निळे पडले होते. वर येताच तिने विचारलं, "कोण गेलो?"

आणि आमचे अध्यक्ष हसत काय म्हणाले? "कोण नाय गो, पावणे इले!"

हसू नका. त्या दिवशीही हसला होतात. पाहुणेही हसले, त्यांना वाटलं काहीतरी गमतीची लोकरीत असेल.

भाई, घंटेवर हात ठेवून बसला आहेस ते मला दिसतंय. वाजव हवी तर. माझ्या तासाला तुला घंटेचीच काय ती ओढ असायची.

मग मंडळाची सभा झाली. शेवंतीने अंतर पुरं केलं नाही, सबब ती अपात्र. तिचं पोहणं मंडळाला चाललं नाही. तिने आणलेली वर्गणी? ती मात्र चालली! बुडालेल्यांच्या घरांसाठी निधी, आणि बुडणाऱ्याला शोधायला वळली म्हणून मुलगी बाद! मी आयुष्यभर विरोधाभास अलंकार शिकवला. एवढं चोख उदाहरण मला कुठल्या कवितेत सापडलं नाही.

मी सभेत बोललो होतो. शेटजी म्हणाले, "मास्तर, कविता वर्गात." म्हणून आज हा वर्ग भरवला आहे.

सावंतवाडीला मुलींच्या अध्यापन वर्गात शेवंतीला जागा मिळाली आहे. राहण्याजेवण्याची सोय नाही. शिष्यवृत्ती मिळाली तर ती जूनमध्ये जाईल. न मिळाली तर काजूच्या कारखान्यात बोटं काळी करील, आणि ती बोटं मग खडू धरणार नाहीत. तिला आज इथे बोलावलेलंही नाही. त्या टेबलावर फुलांच्या हाराखाली जे पाकीट आहे ते गुरुदासच्या नावाचं. तो आजच्याच बोटीने कॉलेजसाठी मुंबईला निघाला, म्हणून त्याच्या वतीने मामा स्वीकारणार. देणारे अध्यक्ष, घेणारे अध्यक्ष! उजव्या हाताने डाव्याला दान दिल्याचं कुठल्या पुराणात वाचलं आहे का, आनंदीबाई? आपण मान हलवलीत. आभारी आहे. सभेत हलवली असती तर अधिक आभारी झालो असतो.

शेटजी, आपण रागावला आहात. रागवा. पण हे पाकीट आज देऊ नका. दिलंत तर पुढच्या साली या किनाऱ्यावरचा शहाणा बाप मुलाला सांगेल, शंख वाजला तरी वळू नको रे, बक्षीस जाईल. आणि खरोखर कुणी बुडत असेल त्या दिवशी? कोण वळेल?

गुरुदासवर माझा राग नाही. शर्यतीनंतर तो एकटाच माझ्या घरी आला होता. "सर, सगळे मागे फिरले तो आवाज कसलो होतो?" मी सांगितलं. चहा न घेताच निघून गेला. बिचारा आता बोटीवर असेल. भोंगा तर मघाशीच झाला.

असो. आवरतो. इतकी वर्षं आपण माझ्या कविता सोसल्यात, त्याबद्दल मनापासून आभार. शेटजींच्या शालीबद्दल आभार. चांगली ऊबदार आहे, वैशाखात जरा जास्तच. बोलण्याच्या भरात छंद चुकला असेल, मात्रा अधिक पडली असेल, तर वय पाहून क्षमा करावी. आशयाबद्दल मात्र मी क्षमा मागत नाही. आपली...

दाराशी कसली गडबड आहे? बाबली, वाट दे त्याला. खांद्यावर ट्रंक, हातात वहाणा, कमरेपर्यंत ओला... अरे, गुरुदास! बोटीवर पोचवणाऱ्या पडावातून उडी मारलीस की काय?

अध्यक्षमहाराज, आपण उभे का राहिलात? बसा. भाई, घंटेवरचा हात काढ. माझं भाषण संपलं. ये रे बाळा, पुढे ये. ते पाकीट कुणाचं, ते आता तूच सांग.