भाऊंना विचारून ये

— त्या खुर्चीवर नका बसू बाई, तिचं पोट अजून उघडं आहे, स्प्रिंगा बांधायच्या राहिल्यात, टोचेल कुठेतरी. इकडे या, या स्टुलावर. हां. आणि मी काम करत करत बोलले तर राग मानू नका, ही सोफ्याची पाठ आज द्यायचीय, आणि मी देवाशी भांडले म्हणून गिऱ्हाईक काही थांबत नाही. — नाही, भांडले असं मी नाही म्हणत. लोक म्हणतात. तुमच्याही कानावर आलं असेलच, नाहीतर शाळा सुटल्यावर घरी जाऊन पाठ टेकायची सोडून तुम्ही इथे काथ्याच्या धुळीत कशाला आल्या असत्या? मंडळींनी भाऊंच्या जागी तुम्हाला निवडलं, कळलं मला. चांगलं झालं. दिवसभर पोरांना गणित शिकवायचं आणि उरल्या वेळात आमच्यासारख्यांची समजूत घालायची, म्हणजे आगीतून फुफाट्यात. आपल्यात पगारी धर्मगुरू कोणी नाही, शिकून आलेलं कोणी नाही; आपल्यातलाच एक उभा करायचा आणि त्याला म्हणायचं, बाबा रे, आमचं ऐक आणि आम्हाला सांग. पद्धत वाईट नाही. मी कुठे वाईट म्हणते?

तुम्हाला भाऊंनी पाठवलं का? — नाही? स्वतःहून? बरं. मी विचारलं कारण रविवारी ते पहिल्यांदा परत येणारेत ना प्रार्थनाघरात, ऑपरेशननंतर. सगळ्यांनी उभं राहून देवाचे आभार मानायचेत म्हणे. शेजारच्या इस्त्रीवालीनं सांगितलं. मानावेतच. माणूस मणक्याच्या दुखण्यातून उठला, चालायला लागला, आनंदच आहे. मलाही आहे. फक्त माझा आनंद मी घरी बसून करीन.

तुम्ही या गावात नंतर आलात, तुम्हाला आमचे हे आठवणार नाहीत. हे दुकान त्यांचं. म्हणजे दोघांचं — लाकूड आणि स्प्रिंगा त्यांच्याकडे, कापड आणि शिलाई माझ्याकडे. तोंडात कायम खिळे. या धंद्यात तसंच असतं, एका हातात हातोडी, एका हातानं कापड ताणायचं, मग खिळे ठेवायचे कुठे? तोंडात. त्यामुळे संसाराची निम्मी वर्षं मी त्या माणसाच्या 'हं' आणि 'अंहं'वर काढली. पण खिळे काढून ठेवले की बोलायचा बरं का, छान बोलायचा. आणि देवावर विश्वास — माझ्यासारखा नाही, माझा आपला सोयीचा, पोरगं आजारी पडलं की वाढायचा, बरं झालं की पातळ व्हायचा. त्यांचा तसा नव्हता. प्रार्थनाघरातल्या सगळ्या बाकांच्या गाद्या त्यांनी केल्यात, तुम्ही दर रविवारी त्यांच्यावरच बसता, आणि एकदाही कोणाला सांगितलं नाही की मी केल्यात.

तर त्यांना ते झालं. नाव नाही घेत मी त्याचं, तुम्हाला कळलं. हाडात उतरलं. डॉक्टर भला माणूस होता, त्यानं मला बाहेर नेऊन गोल गोल नाही सांगितलं, दोघांना समोर बसवून म्हणाला, बरं करणं आता माझ्या हातात नाही, पण दुखू न देणं आहे. एक इंजेक्शन आहे, नर्स घरी येऊन देईल. गुंगी येईल, बहुतेक वेळ झोपूनच राहतील, मधेच ओळखतील, मधेच नाही. पण दुखणार नाही. मी तर लगेच हो म्हणणार होते. तोंड उघडलंसुद्धा. तर हे म्हणाले, थांब.

घरी आल्यावर म्हणाले, गुंगीत गेलो तर शेवटच्या वेळी त्याची आठवण कशी राहणार? झोपेतच त्याच्यापुढे जाऊन उभा राहू? ते चालतं का? मी म्हटलं, अहो, देव काय हजेरी घेतोय का. तर हसले नाहीत. म्हणाले, तू भाऊंना विचारून ये. ते म्हणाले घे, तर घेतो. ते म्हणाले नको, तर नको.

मग मी गेले. भाऊंचं चष्म्याचं दुकान माहितीय ना तुम्हाला, काचेच्या कपाटात रिकामे चष्मे ओळीनं लावलेले, आपल्याकडे टक लावून बघणारे — मला लहानपणापासून तिथे शिरलं की काहीतरी चुकलंय असं वाटतं. भाऊ डोळ्याला भिंग लावून एका दांडीचा स्क्रू बसवत होते. मी सगळं सांगितलं. रडत रडत सांगितलं. त्यांनी भिंग काढलं, चष्मा बाजूला ठेवला. मग म्हणाले, 'ताई, माणसानं त्याच्यापुढे जागं जावं. झोपेत जाऊ नये. दुःख दिलंय तर त्यातून तो काही घडवत असेल, आपण मधे हात घालू नये.' आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. आता तुम्हाला खरं सांगू? मला इतकं बरं वाटलं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी असं ठाम बोललं होतं. डॉक्टर बोलायचा तर 'बहुतेक', 'शक्यतो', 'बघू या'. भाऊंच्या बोलण्यात 'बहुतेक' नव्हतं. भरली घागर डोक्यावरून न्यावी तशी मी ती वाक्यं घरी घेऊन आले, एक शब्द सांडू दिला नाही, आणि जशीच्या तशी यांच्यापुढे ठेवली. हे म्हणाले, बरं.

नर्सला मीच सांगितलं, येऊ नका.

— हो, तुम्ही विचारू नका, मी सांगते. दुखायचं. अंगावर चादर टाकली तरी दुखायचं, तिचा भार व्हायचा. खाटेशेजारून मी चालत गेले, जमीन हलली, तरी दुखायचं. मग मी अनवाणी चालायला लागले, भिंतीच्या कडेकडेनं, स्वतःच्या घरात चोरासारखी. खुर्चीच्या तळाला मारतात ना ही तागाची पट्टी, ही बघा, ही — तिचा तुकडा मागून घेतला त्यांनी. दातात धरायला. खाली दुकानात गिऱ्हाइकांना आवाज जाऊ नये म्हणून. आणि मंडळी भेटायला यायची, तेव्हा पट्टी उशीखाली ठेवून बोलायचे त्यांच्याशी. लोक जिन्यात मला सांगायचे, काय सहनशक्ती आहे हो, श्रद्धा असावी तर अशी. मलाही अभिमान वाटायचा. खोटं कशाला बोलू. वाटायचा.

गेले ते जागेच गेले. भाऊंनी सांगितलं होतं तसे. पण देवाचं नाव — नाही, राहू दे ते.

नाही हो, त्यासाठी नाही मी प्रार्थनाघरात यायचं सोडलं. उलट नंतर तर मी जास्तच यायला लागले, विचारा कोणालाही. कारण मला वाटायचं, जे झालं ते वाया नाही गेलं. यातून काहीतरी घडलं असेल, आपल्याला दिसत नसेल, पण भाऊंना माहीत आहे. ते माझ्यासमोर प्रार्थनेला उभे राहायचे आणि मी त्यांच्याकडे बघून मनात म्हणायचे, या एका माणसाला माहीत आहे आमच्या ह्यांनी काय सोसलं आणि कशासाठी सोसलं. त्यावर दिवस काढत होते मी.

मग भाऊंचंच पाठीचं दुखणं निघालं. मी दवाखान्यात गेले, थोडं मऊसं काही करून घेऊन. वहिनी बाहेर बसल्या होत्या, त्यांनी तोंडावर बोट ठेवलं, म्हणाल्या, हळू, आत्ता लागलाय डोळा. आत बघितलं तर भाऊ गाढ झोपलेले, तोंड उघडं, लहान मुलासारखे. वहिनी म्हणाल्या, ऑपरेशनच्या आधीच फार दुखत होतं हो, त्यांनी स्वतःच मागून घेतलं इंजेक्शन, मी तर डॉक्टरांना म्हटलं, कशाला सोसू देता, जे असेल ते द्या. मी म्हटलं, बरोबर केलंत. डबा त्यांच्या हातात दिला. आणि खाली येऊन त्या दवाखान्याच्या पायरीवर बसले ते कोणीतरी येऊन विचारेपर्यंत, मावशी, तुमचं कोण आहे आत?

तुम्ही म्हणाल, ढोंगी माणूस, एवढंच ना. मीही तेच म्हणाले असते, आणि खरं सांगते, तेवढंच असतं तर मी पचवलं असतं. दुसऱ्याला सांगणं सोपं, स्वतःवर आलं की माणूस मऊ पडतो, त्यात काय नवल. देवमाणूस झाला तरी पाठ सगळ्यांना एकच. मी ठरवलं, ते बरे होऊन घरी आले की एकदा विचारायचं. भांडायला नाही. मला वाटलं, ते खाली मान घालतील, म्हणतील, ताई, मला नाही जमलं, तुमच्या ह्यांना जमलं, ते मोठे. हे ऐकायला गेले होते मी. एवढंच ऐकायला.

गेले. भाऊ उशांना टेकून बसले होते, चहा घेत होते. मी म्हटलं, भाऊ, तुम्ही इंजेक्शन घेतलंत. म्हणाले, हो ताई, मोठी सोय आहे, औषधही त्यानंच दिलंय ना. मी म्हटलं, मग आमच्या ह्यांना? तर म्हणाले, 'ह्यांना काय?'

— नाही, सोंग करत नव्हते. मी तोंडाकडेच बघत होते त्यांच्या. खरंच कळत नव्हतं त्यांना. मी सांगितलं सगळं — दुकानात मी आले होते, तुम्ही भिंग काढलंत, तुम्ही असं म्हणालात, जागं जावं, मधे हात घालू नये. ते ऐकत राहिले, एखाद्या परक्याची हकीकत ऐकावी तसे. आणि म्हणाले, 'मी म्हणालो होतो असं? असेल. त्या वेळी जे सुचलं ते बोललो असेन. अहो, मी साधा चष्मेवाला, मला एवढं कुठे कळतं. तुम्ही डॉक्टरांचं ऐकायचंत ना, ताई.'

तुम्ही डॉक्टरांचं ऐकायचंत.

असं म्हणाले आणि चहा पुढे केला मला. बिस्कीटही होतं बशीत.

ज्या वाक्यावर एक माणूस ताग चावत पडून राहिला, ते वाक्य बोलणाऱ्याच्या ध्यानातही नव्हतं. मला वाटत होतं ते देवाचं सांगणं आहे, आणि ते होतं स्क्रू बसवता बसवता सुचलेलं. — तसं नका म्हणू बाई. 'त्यांचा हेतू चांगला होता.' हेतूचं काय करू मी? हेतू काय घरी आला होता चादर उचलायला? आणि एकदा नाही, दोनदा विचारलं होतं मी. हो. दोनदा. हे मी कोणाला — असो, आता निघालंच आहे तोंडातून तर ऐका.

शेवटाकडे हे एकदा मला म्हणाले, 'परत एकदा विचारून ये ना.' एवढंच. पट्टी काढून, हळू. बाकी काही नाही म्हणाले. पण मला कळलं की आता त्यांना दुसरं उत्तर हवंय. मी चपला पण नीट घातल्या नाहीत, धावत गेले. दुकानात गर्दी होती, भाऊ कोणालातरी भिंतीवरची अक्षरं वाचायला लावत होते. मी दारातूनच म्हटलं, भाऊ, ते परत विचारतायत. त्यांनी मानही पूर्ण वळवली नाही. म्हणाले, 'सांगितलंय ना ताई, तेच.' आणि त्या गिऱ्हाइकाला म्हणाले, आता खालची ओळ.

परत आले. या इथल्याच जिन्यावर, वर जाण्याआधी, थांबले मी. आणि मनात आलं, बाई, की खोटं सांगावं. वर जावं आणि म्हणावं, भाऊ म्हणाले घ्या. त्यांनी घेतलं असतं. दुसऱ्या क्षणाला घेतलं असतं. नर्सचा नंबर मला तोंडपाठ होता. कोणाला कळणार होतं? पण मला वाटलं, देवाच्या बाबतीत कसं खोटं बोलायचं. मरत्या माणसाशी. मी वर गेले आणि म्हणाले, तेच सांगितलंय. त्यांनी माझ्याकडे बघितलं — रागानं नाही, रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं — आणि पट्टी परत तोंडात घातली. त्यानंतर माझ्याशी बोलले नाहीत ते. देवाशीही बोलले असतील असं मला नाही वाटत. मी शेजारीच होते, ओठ हलताना मला दिसले असते.

ती पाण्याची बाटली द्या इकडे. — नाही, ठीक आहे मी. काथ्या घशात जातो.

आता तुम्ही आलाच आहात, आणि त्या जागेवर मंडळींनी तुम्हाला बसवलंय, तर एक सांगा मला. समजूत नका घालू, पुस्तकातलं नका सांगू, रविवारी या असंही म्हणू नका. जे त्या खाटेवर झालं, ते देवाला हवं होतं का? तो बघत होता का वरून, आणि म्हणत होता का, शाबास, सोस? का त्याला पत्ताच नव्हता, आणि आम्ही दोघं एका चष्मेवाल्याच्या तोंडच्या शब्दाला देव समजून बसलो? सांगा. मी थांबते. हातोडी खाली ठेवते, ही बघा.

— काय? पुटपुटू नका, वर्गात बोलता तसं बोला.

— 'मला माहीत नाही.'

हं.

नाही, रागावले नाही. खरंच नाही. एवढंच म्हणाला असता तो चष्मेवाला त्या दिवशी — 'ताई, मला माहीत नाही' — तर मी रडले असते, चिडले असते त्याच्यावर, आणि घरी येऊन नर्सला फोन केला असता.

तुम्ही निघा आता, बाई. नाही, हात नका ठेवू माझ्या खांद्यावर. निघा. दार तेवढं ओढून घ्या जाताना.