काच मीच फोडली

कागदावरचं नाव जबाबात वर लिहून घेतलंच आहे, पण त्या नावाने मला कोणी ओळखणार नाही. पार्किंगमध्ये सगळे बादलीवाली म्हणतात. वय बेचाळीसच्या आसपास. काम, मोठ्या दुकानांच्या इमारतीमागे उघड्या पार्किंगमध्ये गाड्या पुसणे. राहणार त्याच पार्किंगपलीकडच्या वस्तीत, लेकीसोबत.

समक्ष हजर राहून सांगते की, आज भर दुपारी मी एका मोठ्या पांढऱ्या गाडीच्या मागच्या दाराची काच पुसत होते. काच काळी, आतलं सहजी दिसत नाही. आत काहीतरी हललं म्हणून काचेला डोळे लावले, तर सीटवर पट्ट्यात अडकवलेलं बाळ. तोंड लालबुंद, डोळे अर्धे मिटलेले. गाडी बंद, चारही दारं बंद.

दारं ओढली तशी गाडी बोंबलायला लागली. त्या आवाजानेही कोणी आलं नाही. चाकाखाली लावायची वीट उचलली, पण हात पुढे होईना. खोटं कशाला बोलू, मी भ्याले. तेवढ्यात कडक इस्त्रीतले एक साहेब तिथून चालले होते. मी वीट त्यांच्यापुढे धरली. म्हटलं, "साहेब, आत बाळ आहे, तुम्हीच फोडा. तुम्ही फोडलीत तर लोक मदतीला येतील. मी फोडली तर मला धरायला येतील." साहेब म्हणाले, "ए बाई, लांब हो," आणि खिशावर हात ठेवून निघून गेले. आत बघितलंसुद्धा नाही.

मग मीच फोडली. दार उघडायला हात आत घातला आणि मागून कोणीतरी माझे केस धरले. चार-पाच जण होते, चांगल्या घरचे, हातात खरेदीच्या पिशव्या. मी ओरडत होते, "मला नंतर मारा हो, आधी आत बघा!" एक जण म्हणाला, "बघतोच ना, काय काय उचललंस ते." त्यांनी माझी बादली पालथी केली, कमरेची पिशवी उलटी केली. गाडीत कोणी वाकलं नाही. आतून आवाज येत नव्हता. मला माराची नाही, त्याची भीती वाटत होती. गाडीची मालकीण धावत येऊन किंचाळली, तेव्हा कुठे सगळ्यांना बाळ दिसलं. बाळाला दवाखान्यात नेलं आणि मला इथे चौकीत आणलं.

मालक शोधायचा सोडून काच का फोडली, असं हवालदार साहेबांनी विचारलं. मी म्हटलं, साहेब, तुमचं लेकरू असतं तर शोधत बसला असतात का? हे लिहायला नको म्हणाले. मी म्हटलं, लिहाच.

इथे आल्यापासून गाडी केवढ्याची आहे ते मला तिघांनी सांगितलं. बाळ रडलं का, ते एकानेही सांगितलं नाही.

जबाब मला वाचून दाखवला, मी बोलले तसाच उतरला आहे. तळहातात काच गेली आहे म्हणून सही वाकडी येईल. पण सही नंतर करते. आधी दवाखान्यात फोन लावा.