तापातली उचल

जमलेल्या सगळ्यांना नमस्कार. सरांच्या पत्नी लक्ष्मीअक्का, तालमीचे पंच, कारखान्यातले सरांचे सोबती, आणि मागं भिंतीला टेकून उभ्या असलेल्या आमच्या सगळ्या पोरी. त्यांचे खांदे बघून पुढच्या रांगेतले दोन काका मघाशी उठून त्यांना खुर्ची द्यायला लागले होते. हसा, चालेल. सर असते तर तेच आधी हसले असते.

मी सारिका. मूळची करकंबची. मल्लेशम सरांच्या हाताखाली मी चौदा वर्षं वजन उचललं. मला आत्ता कुणी म्हटलं की ह्या टेबलासकट माइक उचल, तर उचलीन. पण बोलणं मला जमत नाही. तरी बोलायचंय. आज बोललेच नाही तर परत कधी बोलणार?

सर गेले त्याला आठ दिवस झाले. त्या दिवशी पहाटे पाचला त्यांनीच तालमीचं कुलूप काढलं, पोरींना सराव दिला, घरी जाऊन चहा घेतला आणि बसल्या जागी गेले. इथल्या बऱ्याच जणांनी त्यांना टॉवेलच्या कारखान्यात मागावर उभं राहिलेलं बघितलंय. आम्ही त्यांना तालमीच्या मागच्या खोलीत बघितलं. एक लाकडी फळ्यांचा चौथरा, एक लोखंडी बार, गंजलेल्या प्लेटा आणि खडूच्या पावडरीचा डबा. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातली ती खोली तुम्हाला माहीत आहे. त्या खोलीतून पोरी परदेशात गेल्या, मंडळी. विमानानं गेल्या.

मी पहिल्यांदा आले तेव्हा आमचे अण्णा दारातूनच सरांना म्हणाले होते, "पोरगी लोखंड उचलनार म्हंजी काय हमाल व्हनार व्हय?" सर म्हणाले, "हमालाला उचलून चालावं लागतं. हिला फक्त डोक्यावर धरून उभं राहायचंय." अण्णांना काय कळलं देव जाणे, पण त्यांनी पिशवी खाली ठेवली.

आता सरांची एक सवय सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. आमच्या तालमीत कुणाला ताप आला की सर खूश व्हायचे. खरंच सांगते. मागं बघा, पोरी मान हलवतायत. ताप आलेल्या पोरीला घरी पाठवायच्या आधी सर, त्यांच्या तेलुगूत प्रत्येक पोरीला म्हणत तसं, म्हणायचे, "अम्मा, एकच उचल. जमेल तेवढीच." ती कशीबशी उचलायची, सर वहीत आकडा लिहायचे, आणि मग स्वतः सायकलवरून डॉक्टरकडे न्यायचे. तो आकडा म्हणजे तिची स्पर्धेतली पहिली उचल. त्याच्या वर एक किलो नाही.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. स्पर्धेत आधी वजन एका झटक्यात डोक्यावर न्यायचं असतं, त्याला स्नॅच म्हणतात. तीन संधी मिळतात. पहिलं वजन किती, हे आपणच सांगायचं. सांगितलं की मग वर जाता येतं, खाली येता येत नाही. तिन्ही संधी गेल्या तर तुमचा खेळ संपला. शेवटचा नंबर सुद्धा मिळत नाही. नावासमोर काहीच नाही. म्हणून सर म्हणायचे, "पहिली उचल तापातली पाहिजे. परक्या देशात, परक्या दिव्यांखाली, माणसाला ताप असतोच."

आपल्या देशाचं ह्या खेळात कायम असंच झालंय की. एकदा आपली पोरगी ऑलिंपिकच्या पायरीवर उभी राहते, अख्खा देश नाचतो, पेढे वाटतो. पुढच्या खेपेला कुणाच्या उचली पडतात आणि तोच देश विचारतो, हिला पाठवलं कुणी? मधेच कुणीतरी नको ते औषध घेऊन सापडतं, संघावर बंदी येते, आणि ज्यांनी काही घेतलं नाही त्यांचीही उमेदीची वर्षं वाया जातात. सर आम्हाला खोकल्याचं औषध सुद्धा बाटली दाखवल्याशिवाय घेऊ द्यायचे नाहीत. एवढं जपायचे.

आणि तरी माझं झालं ते झालं. अकरा वर्षांपूर्वी माझी भारताच्या संघात निवड झाली. सोलापुरात किती गाजलं ते तुम्हाला आठवत असेल. परदेशात मोठी स्पर्धा. सर काही येऊ शकले नाहीत, संघाबरोबर संघाचे प्रशिक्षक होते. मी गेले, आणि तिन्ही उचली पडल्या. पहिली मागं पडली. दुसरी पुढं पडली. तिसरीला बार गुडघ्याच्या वर आलाच नाही. तीन वेळा लाल दिवे. नावासमोर काहीच नाही.

मी परतले तेव्हा स्टेशनवर हार तयार होते, कारण ते आधीच सांगून ठेवले होते. आता फुलं परत कोण घेणार? मग घातले गळ्यात. तिथं एका पत्रकारानं विचारलं, "पहिलं वजन इतकं जास्त सांगितलं कुणी?" मी तोंड उघडायच्या आत सर पुढं झाले. म्हणाले, "मी. माझा अंदाज चुकला. पोरीचा दोष नाही."

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं. पुढं काय झालं हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे, आणि काही जणांनी ते स्वतः केलंय. नावं घेत नाही. जिल्ह्याच्या संघाचं काम सरांच्या हातून काढून घेतलं. "मागावरच्या माणसाला परदेशातलं काय कळणार" असं चहाच्या टपरीवर बोललं गेलं, मी ऐकलंय. चोवीस पोरींची खोली, चार पोरी उरल्या. राज्याच्या स्पर्धेला सर प्रेक्षकांत बसायचे, खडूचा डबा मांडीवर घेऊन. आत, पोरींच्या जवळ जायची त्यांना परवानगी नव्हती. लांबून हातानं खुणा करायचे, "कोपर, कोपर".

मंडळी, ती चूक सरांची नव्हती.

सरांनी वहीतला माझा आकडा संघाच्या प्रशिक्षकांना लिहून दिला होता. माझा ताप त्या वर्षी चांगला जोरात आला होता, तरी आकडा बरा होता. त्या आकड्यानं मी सुरुवात केली असती तर पदक नसतं मिळालं कदाचित, पण नावासमोर काहीतरी असतं. तिथं आतल्या खोलीत बाकीच्या पोरींचे आकडे भिंतीवर लागले होते. माझा सगळ्यात खाली. मला लाज वाटली. मी प्रशिक्षकांना म्हटलं, पाच किलो वाढवा. ते म्हणाले, तुझ्या सरांनी तर हे लिहिलंय. मी म्हटलं, "सरांचा फोन आला होता. तेच वाढवा म्हणाले."

कसला फोन? काही फोन आला नव्हता.

संध्याकाळी मीच फोन केला. रडत सगळं सांगितलं. पलीकडं मागांचा खडखडाट चालू होता. सर माग सोडून बाजूला आले. मग म्हणाले, "जेवलीस का?" मी म्हटलं नाही. म्हणाले, "जेव, झोप, आणि परत ये."

मी स्टेशनवरून घरी जाताना त्यांना विचारलं होतं, तुम्ही असं का बोललात? सर म्हणाले, "पोरीनं खोटं सांगितलं असं कळलं, तर तुला परत कोण निवडील? मास्तर चुकला म्हटलं तर मास्तर बदलतात. पोरगी राहते." आणि सायकलला टांग मारून कारखान्यात गेले. दुपारची पाळी होती त्यांची.

मी राहिले. खरंच राहिले की. दोन वर्षांनी परत निवड झाली आणि मी तापातल्या उचलीनं सुरुवात केली. तुम्ही बघायला हवं होतं. पहिली, तीन पांढरे दिवे. दुसरी, तीन पांढरे दिवे. तिसऱ्याला मी वजन वाढवलं, बार वर गेला, डावा पाय घसरला, अख्खा हॉल ओरडला, आणि मी बार सोडला नाही. पाय ओढून घेतला आणि उभी राहिले. उभी राहिले बघा. कोपर ताठ, मान वर, डोळ्यांतून पाणी, आणि समोर तीन पांढरे दिवे. स्नॅचमधलं रौप्यपदक. आज सांगतानाही माझ्या अंगावर काटा येतोय, हा हात बघा.

कारखान्यात माग बंद करून सगळ्यांनी मोबाइलवर बघितलं म्हणे. मी सरांना फोन लावला. ते म्हणाले, "डावा खांदा आत येतोय तुझा." मी म्हटलं, सर, पदक मिळालं. म्हणाले, "ते बघितलं. खांद्याचं बघू आल्यावर."

त्या वेळी माझी उघड्या जीपमधून मिरवणूक निघाली. शेजारी सरांच्या जागी जिल्ह्यानं नेमलेले दुसरेच प्रशिक्षक उभे होते. हार त्यांच्या गळ्यात. सर कोपऱ्यावर गर्दीत उभे राहून टाळ्या वाजवत होते, आणि लई आनंदात होते. रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी मी तालमीत गेले आणि म्हटलं, आता सांगते सगळ्यांना. सर म्हणाले, "आता कशाला? माझं काय बिघडलंय?" मला तेच ऐकायचं होतं. नोकरीचा अर्ज गेला होता, सत्कार ठरले होते. ते नको म्हणाले आणि मला सुटल्यासारखं झालं. हे मी लपवणार नाही.

त्यांचं काय बिघडलं होतं ते मला दिसत होतं. चार पोरींची खोली दिसत होती. मांडीवरचा डबा दिसत होता.

अक्का, आता तुमच्याकडे बघून बोलते. इतर सगळ्यांना मी एकवेळ तोंड देईन. तुम्ही मला प्रत्येक वेळी पोटाशी धरून म्हणायचात, "अम्मा, ह्यांच्यामुळं तुझं पहिलं पदक गेलं. मी ह्यांना आयुष्यभर माफ करणार नाही." आणि त्याची भरपाई म्हणून माझ्या ताटात जास्तीचं वाढायचात. चिंचेचं सार, वर तुपाची धार. समोर सर मान खाली घालून जेवायचे. मी ते जेवले, अक्का. नऊ-दहा वर्षं जेवले. त्यांनी तुम्हालाही सांगितलं नव्हतं, हे मला परवा कळलं. दहाव्याच्या तयारीत तुम्ही म्हणालात, "माणूस चांगला होता, तेवढी एक चूक सोडली तर."

अक्का, ती एक चूक सुद्धा सोडा. ती माझी होती.

पंच मंडळी, हे मी लिहून आणलंय, सही करून. जिल्ह्याच्या कचेरीत उद्या सकाळी देणार आहे, पत्रकार बसलेत त्यांना आत्ताच देते. माझं काय व्हायचं ते होऊ दे. आणि ज्यांनी पोरी काढून घेतल्या होत्या त्यांना सांगते, सरांच्या हाताखाली उरलेल्या त्या चार पोरींपैकी एक पुढच्या महिन्यात भारताच्या संघातून चालली आहे. ती बघा, मागं, निळ्या ओढणीतली. तिला ताप येऊन गेलाय. आकडा वहीत आहे, आणि सरांच्याच अक्षरात आहे. त्या स्पर्धेत कुणीही काहीही म्हणालं तरी, पोरी, त्या आकड्याला हात लावू नकोस. आणि लावलाच, तर स्वतःच्या तोंडानं सांग.

झालं माझं. सर, तुमच्या पायांवर डोकं ठेवायचं राहिलं. ते तुम्ही कधी ठेवूच दिलं नाही.

आता सगळ्यांनी उभं राहून दोन मिनिटं शांत राहावं ही विनंती. माझ्या वाटची शांतता मी अकरा वर्षं पाळली आहे, ती पुरे झाली. तुम्ही उभे राहा. मी तेवढ्यात खाली उतरते आणि अक्कांच्या शेजारच्या खुर्चीवर बसते. त्यांनी बसू दिलं तर.