उठताना बंद केलेलं मशीन

लॉगऑफ हा शब्द मी अजून दोनदा वाचून मगच टाईप करतो, बरं का. मी वरवंडला घरी बसून एका बँकेच्या मेनफ्रेमचं, म्हंजी भल्यामोठ्या कॉम्प्युटरचं, काम बघतो. त्या एका मोठ्या यंत्राच्या पोटात बरीच व्हर्च्युअल मशिनं, म्हंजी कॉम्प्युटरातले कॉम्प्युटर, चालतात; त्यातलं शाखांची काउंटरं चालवणारं एक माझ्याकडं. उठताना नुसतं डिस्कनेक्ट करायचं, म्हंजी मशीन मागं चालू राहतं. लॉगऑफ केलं की मशीनच बंद.

त्या दिवशी खुटबावला नात्यातला साखरपुडा होता. माझे वडील, आप्पा, दारात हॉर्न वाजवत होते. "उरक की लवकर! आन् सगळं बंद करून ये!"

गाडीत बसलो, पण जीव थाऱ्यावर न्हाई. घाईत बोटांनी काय टाईप केलं, तेच आठवंना. तेवढ्यात ऑफिसातल्या मॅडमचा फोन. "अहो, तुमचं मशीन गेलं कुठं? सगळ्या शाखांची काउंटरं थांबलीत!"

"आप्पा, गाडी मागं घ्या. मी मशीन बंद करून आलोय."

आप्पांनी करकचून ब्रेक मारला. "वीस वर्षं झाली, उठताना पंखा बंद कर म्हणून बोंबलतोय, कवा ऐकलं न्हाईस. आन् ऐकायला आजचाच दिवस सापडला व्हय तुला?"