मुलगी कुठं शिकते?

टाळकरी मंडळी, टाळ जरा मांडीवर घ्या. पांडुरंगाचं नाव घेतलं, आता त्याच्याच लेकरांचं बोलू. एक सांगा – पोराला कॉलेज निवडता, ते कुणासाठी? पोरासाठी, की लग्नाच्या पंगतीत सांगायला? बरं, मग ऐका.

मारुतराव खाडे म्हणून एक मंडपवाले. मुलगी एकच, सुलक्षणा. बारावी सायन्सला तिला छप्पन टक्के पडले. नापास नाही, पहिलीही नाही; मधल्या रांगेतली. मधल्या रांगेवर कुणी कीर्तन करत नाही मंडळी, म्हणून मी करतोय.

मारुतराव तिला घेऊन पुण्याला एका खाजगी कॉलेजात गेले. काचेची इमारत, दारात कारंजं. ऑफिसातला माणूस गोड बोलला, "काका, मार्कांची काळजी सोडा. आज पैसे भरा, सीट तुमची." आपल्याला काका कोण म्हणतं? एक पुतण्या, नाहीतर काहीतरी विकणारा! पण मारुतराव भुलले. मंडपाचा टेम्पो विकायचं त्यांनी तिथंच ठरवलं.

सुलक्षणा तोवर कॅन्टीनकडं गेली. तिथल्या एका मुलीला तिनं विचारलं, "ताई, इथं शिकवतात कसं?"

ती म्हणाली, "शिकवायला सर टिकले पाहिजेत ना. लॅब तर पाहुणे आले की उघडते."

परतीच्या एसटीत सुलक्षणा म्हणाली, "आप्पा, टेम्पो विकू नका. मला केमिस्ट्री शिकायचीय, कारंजं नाही."

"अगं, लोक काय म्हणतील?"

"लोक फी भरणार आहेत का?"

आहे उत्तर कुणाकडं? मारुतरावांनी टेम्पो विकायचा बेत एसटीतच सोडला.

मग पोरगी कामाला लागली. जिथली फी झेपेल अशीच अनुदानित कॉलेजं तिनं धरली. गेल्या वर्षी तिथला प्रवेश किती टक्क्यांवर थांबला, ते विचारून घेतलं. एक अर्ज आवाक्याच्या थोडा वरचा, दोन आपल्या मार्कांत बसणारे, आणि एक हमखास मिळेल असा. वरच्या कॉलेजच्या यादीत नाव लागलं नाही, तेव्हा रडली. शहाणी माणसंही रडतात, मंडळी. मधल्यातल्या एका ठिकाणी लागलं – दोन तालुके पलीकडं. भिंतींचा रंग उडालेला, पण लॅब सकाळपासून उघडी.

ती तिथं रमली. बाप मात्र रमेना. लग्नात कुणी विचारलं, "मुलगी कुठं असते?" की मारुतराव सांगायचे, "पुण्याकडं." दिवाळीच्या सुट्टीत घरी आलेल्या पाहुण्यालाही तेच सांगितलं, आणि सुलक्षणानं ते मागं उभं राहून ऐकलं. सुट्टी संपायच्या आधीच बॅग भरून निघून गेली. ती का गेली, ते मारुतरावांना कळलं. सांगायचं कुणाला?

पुढं तिच्याच कॉलेजच्या स्नेहसंमेलनाचं काम त्यांना मिळालं. खांब रोवता रोवता ते लॅबच्या दाराशी आले. आत सुलक्षणा पहिल्या वर्षाच्या मुलींना दाखवत होती – "थेंब थेंब सोड... सावकाश... आता थांब." पाण्यासारखं स्वच्छ द्रावण एकदम गुलाबी झालं. मुली हसल्या.

शेजारी उभे असलेले सर या मंडपवाल्याला म्हणाले, "ही आमची मुलगी. या सगळ्या मला सोडून तिलाच विचारतात."

मारुतराव म्हणाले, "तुमची आहेच सर. पण आधी माझी आहे." आणि देवळात काढतात तशा त्यांनी चपला दारात काढल्या.

सुलक्षणानं वळून पाहिलं. ते म्हणाले, "सुले, मी लोकांत खोटं सांगितलं. चुकलो."

"माहीत आहे, आप्पा. चपला घाला, इथं काच असते. आणि आत या, दाखवते."

मंडळी, घरी गेल्यावर मधल्या मार्कांचं लेकरू समोर बसेल. कॉलेज केवढं मोठं, हे त्याला नका विचारू. तुला शिकायचंय काय, एवढं विचारा. मग तिथं ते खरंच शिकवतात का, ते दोघं मिळून जाऊन बघा. आणि बापू, तुम्ही पहिल्या रांगेत मान खाली घालून बसलात – नातू कुठं शिकतो तुमचा? गावाचं नाव सांगा. जरा मोठ्यानं, मागच्यांनाही ऐकू द्या.