चेंडूला पाय लागला तेव्हा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय पंजाबरावजी, आदरणीय प्राचार्य महोदय, व्यासपीठावरील सर्व मान्यवर, क्रीडाशिक्षक हरीओम सर, व्यासपीठावर या म्हणून किती विनवलं तरी पहिल्या रांगेत पंख्याखालीच बसून राहिलेले इंद्रभान आबाजी, सहकारी प्राध्यापक बंधुभगिनींनो, पालकहो, आणि ज्यांच्यासाठी हे हारतुरे आणले आहेत त्या आपल्या बास्केटबॉल संघातल्या मुलींनो,

अंतिम वर्षाच्या मुलींना निरोप द्यायचा आणि यंदाच्या हंगामाबद्दल चार शब्द बोलायचे, अशी आज्ञा मला झाली आहे. मी, वैजयंती, मराठी शिकवणारी. बास्केटबॉलमधलं मला काय कळणार? पण मुलींचा संघ बाहेरगावी जातो तेव्हा सोबत एक बाई असावी लागते. ती बाई मी. पाण्याच्या बाटल्या, ओढण्या आणि मोबाइल सांभाळणे, हे माझं पद. पण बाकावर बसलेल्या माणसाला काही गोष्टी दिसतात. हरीओम सरांना त्या शिट्टीच्या नादात दिसल्या नसतील, म्हणून बोलते.

आपलं मैदान आबाजींनी दिलं, हे इंझोरीत कुणाला सांगायला नको. देताना त्यांनी अट एकच घातली, की सुगीत त्यांचं सोयाबीन तिथेच वाळेल. आता सामन्यांचा हंगाम आणि सोयाबीनचा हंगाम एकच! दसऱ्यापासून अर्ध्या मैदानावर धान्य पसरलेलं आणि उरलेल्या अर्ध्यात आमच्या मुली. अध्यक्ष महोदय, असा सराव दुसऱ्या कुठल्या संघाने केला असेल? जमीन खडबडीत, टप्पा मारला की चेंडू पळालाच सोयाबीनमध्ये. म्हणून मुलींनी टप्पा मारणंच सोडलं. हिने तिला द्यायचा, तिने पुढचीला द्यायचा, आणि शेवटचीने जाळीत टाकायचा. हरीओम सर याला नंतर डावपेच म्हणू लागले. म्हणोत बापडे.

तरीही चेंडू कधीतरी धान्यात जायचाच. मग एक जण चवड्यावर चालत जाऊन तो आणायची. बाजूला खाटेवर आबाजी राखण करत बसलेले. ते रागावले कधी नाहीत, पण पहिल्याच दिवशी म्हणाले, "पोरी, लक्ष्मी हाय ते. पाय लागला त पाया पड." मुली आधी हसल्या. मग पाया पडू लागल्या. पुढे पुढे तर धान्य असो, चेंडू असो, पाय लागला की हात कपाळाकडे जायचाच. आपल्या घरांत हे काही नवं नाही. पुस्तकाला पाय लागला तर आपण काय करतो?

या संघात चंदा आहे, जवळच्या तांड्यावरची. सगळ्यांत उंच, आणि शेवटचा चेंडू बहुतेक तिच्याच हातात जायचा. तिचे आईवडील, हिरीबाई आणि रूपला, दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. यंदा हिरीबाईंची कंबर धरली होती, म्हणजे चंदाला सोबत न्यावंच लागणार होतं. चंदा अंतिम वर्षाला. एकदा गेली की कॉलेज संपलं, असं आम्ही सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. निकिता, म्हणजे संघाची कर्णधार, आणि मी तांड्यावर गेलो. रूपलाभाऊंनी आम्हाला चहा पाजला, बराच वेळ विचार केला आणि शब्द दिला: "जिंकून राह्यल्या तवर राहू द्या तिले. हारल्या का यीन ते आमच्याकडं."

मंडळी, त्यानंतर आमच्या मुली करंडकासाठी खेळल्याच नाहीत. त्या चंदाला ठेवून घेण्यासाठी खेळल्या. समोरच्या संघांच्या मुली बूट वाजवत, ऐटीत टप्पे मारत यायच्या, आणि आमच्या मुली चेंडू जमिनीला लागूच द्यायच्या नाहीत. एकेक सामना जिंकत आम्ही वाशीमला अंतिम सामन्यापर्यंत पोचलो.

तिथे काय झालं, ते या सभागृहात अनेक तोंडांनी सांगून झालं आहे. मी डोळ्यांनी पाहिलं ते सांगते. आम्ही एका गुणाने पुढे होतो, वेळ संपतच आली होती. निकिताने दिलेला चेंडू चंदाच्या हातून निसटून तिच्या पायाला लागला. तिने तो उचलला आणि दोन्ही हातांनी कपाळाला टेकवला. तेवढ्यात समोरच्या मुलीने तो तिच्या हातातून काढून घेतला. त्यांचा चेंडू जाळीत गेला आणि शिट्टी वाजली.

निकिता मैदानातूनच ओरडली, "पाया काय पडून राह्यली वं?" परतताना शेलूबाजारला जीप थांबली. चहाला कुणी उतरलं नाही. दोन दिवसांनी चंदा ऊसतोडीला निघून गेली.

गावात चेष्टा झाली. भर सामन्यात पूजा मांडणारी पोरगी म्हणाले. आबाजींच्या कानावर हे गेलं तेव्हा त्यांनी मैदानावरची खाट उचलली आणि घरी नेऊन उभी करून ठेवली. मग माझ्याकडे आले. म्हणाले, "मॅडम, त्या पोरीचं नुकसान माह्या शब्दानं झालं. मले तिच्याकडं घेऊन चला." या वयात, एसटी बदलत बदलत, ते आले. निकिताही आली.

उसाच्या फडात चंदा मोळ्या बांधत होती. आम्हाला पाहून तिने आधी पाणी दिलं. आबाजी हात जोडून माफी मागायला लागले. निकिता नुसती रडत होती. आम्हाला वाटत होतं, पोर लाजून पळाली आहे, तिची समजूत काढायला आपण आलो आहोत. चंदा म्हणाली, "आबाजी, मी लाजेनं नाई आली. आईची कंबर दुखते म्हून आली. पाया पडली ते चुकलं असं मले अजून नाई वाटत. हारलो, त्याचं वाईट वाटते." मग ती निकिताला म्हणाली, "पेपर कधीपासून हायेत? पुस्तकं आनली मी संगं."

तिला परत आणलं असं कुणी म्हणू नये, आबाजींनीही नाही. परीक्षेसाठी ती आपणहून परवा आली आहे. हिरीबाई आणि रूपलाभाऊ अजून फडातच आहेत. शेवटचा पेपर झाला की ती त्यांच्याकडे जाईल. पुढे काय, हे तिलाही ठाऊक नाही आणि मलाही नाही. याचं मला दुःख आहे. ते मी हारतुऱ्यांखाली झाकणार नाही.

काल संध्याकाळी आबाजींनी मैदानावर सगळ्यांसमोर सांगितलं, की येत्या सुगीपासून सोयाबीन दुसरीकडे वाळवीन, पोरींना अख्खं मैदान मिळालं पाहिजे. कुणी काही बोलायच्या आधी चंदा म्हणाली, "नाई आबाजी, इथंच टाका. नाई त या नव्या पोरी पास द्याले कुठं शिकतीन?"

त्या नव्या पोरींचा खेळ तिथेच चालला होता. पहिल्या वर्षाच्या एका मुलीच्या पायाला चेंडू लागला. मैदानावर धान्याचा दाणा नव्हता, तरी ती चेंडू घेऊन थांबली आणि कपाळाकडे न्यायला लागली. चंदा मैदानाबाहेरून म्हणाली, "आधी पास दे. मंग पाया पड."

मुलीने पास दिला. मग रिकाम्या हातांनी नमस्कार केला. निकिता इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं, आणि आबाजी खाट आणायला घरी गेले.

मुलींनो, तुम्हाला निरोप देताना माझ्याजवळ याहून मोठा उपदेश नाही. मला बोलू दिल्याबद्दल अध्यक्षांचे, दोन घटका शांतपणे ऐकून घेतल्याबद्दल आपणा सर्वांचे, आणि मैदानाबद्दल आबाजींचे मनापासून आभार. बोलण्याच्या ओघात कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाच्या मानाला माझ्या शब्दाचा पाय लागला असेल, तर क्षमा असावी. चेंडू मी पुढे दिला आहे. आता इथूनच वाकून नमस्कार करते.